रात्रपाळीचे मामा

पहाटेचे पावणेपाच. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात एकच दिवा. मामा चपला दाराशीच काढतात. चपलेचा आवाज झाला की कोपऱ्यातल्या खाटेवरचे काका दचकून उठतात, आणि ते उठले की सगळा वॉर्ड जागा.

कागदावर हुद्दा 'अटेंडंट'. पेशंट म्हणतात मामा. बायकांच्या विभागात मावशी. डॉक्टर राउंडला येऊन जातात, सिस्टरकडे दोन वॉर्ड. पेशंटच्या उशाशी असतात ते हेच.

काल दाखल झालेल्या मुलानं जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये, म्हणून त्याच्याकडे दर पंधरा मिनिटांनी बघायचं आहे. नुसतं डोकावून चालत नाही. पांघरूण वरखाली होतंय ना, तेवढा वेळ थांबायचं. मग वहीत वेळ आणि सही. त्याच्या पायजम्यातली नाडी काढून इलास्टिक ओवलंय. अशा नाड्यांचा एक डबाच आहे, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

साडेसातला गोळ्या. "पाणी घ्या. आ करा. जीभ वर." गोळी गालात दाबली की मामांना म्हणे घोटाच्या आवाजावरून कळतं. आम्हाला ही बढाई वाटली होती. चौथ्या दिवशी डोळ्यांदेखत गोळी निघाली.

लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारी गोळी, घेणाऱ्याला उन्हाळ्यात जुलाब लागले, तर ते साधं पोट बिघडणं नसतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, पाय अडखळतात. क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीवर असलेल्याला ताप आला, घसा धरला, तर पांढऱ्या पेशी घटल्या नाहीत ना, हे तपासायला रक्त लगेच पाठवायचं. त्याच गोळीनं पोटही साफ होत नाही. चार दिवस झालं नाही, हे पेशंट डॉक्टरांना सांगत नाही, मामांना सांगतो.

2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली तेव्हा पेशंट साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळी बंद केली, एकटं कोंडून ठेवणंही. हातपाय धरायचे-बांधायचे ते जिवाला लगेचचा धोका असेल आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हा. मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करून.

परवा रात्री दोनला एकानं खुर्ची उचलली. मामा समोर गेले नाहीत. बाजूला उभे राहिले, दाराची वाट मोकळी ठेवून, दोन्ही हात दिसतील असे. बाकीच्यांना हळूच बाहेर काढलं. "चहा टाकतोय. साखर किती?" उत्तर नाही. पुन्हा तेच, त्याच आवाजात. वीस मिनिटांनी खुर्ची खाली आली. बांधून टाकायला दोन मिनिटं पुरली असती.

हे शिकवलं कोणी? "पहिल्या दिवशी किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, हा वॉर्ड." पगार कंत्राटदाराकडून, बहुतेक वीस तारीख उलटल्यावर. यावर मामा जास्त बोलत नाहीत. मावशी मात्र भरपूर बोलतात.

आज एकाला घरी सोडायचंय. मामा डब्यातून त्याची नाडी शोधतात, सेफ्टी पिन लावतात, खाटेवर बसून पायजम्यात ओवून देतात. दोन्ही टोकं सारखी करून गाठ मारतात.

पिन तेवढी आठवणीनं स्वतःच्या खिशात.