जर्मन शब्दांचं मूळ शोधायचंय? फुकटात, इथे बघा

नमस्कार मंडळी! दोन झाडांच्या मध्ये बांधतात तो झोका, हॅमक. जर्मनमध्ये त्याला म्हणतात 'हेंगेमाटे'. 'हेंगेन' म्हणजे टांगणं, 'माटे' म्हणजे चटई. टांगलेली चटई, विषय संपला?

अहो, नाही संपला! मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, पुढे डच लोकांनी त्याला 'हांगमाट' असं ओळखीचं रूप दिलं आणि मग तो जर्मनमध्ये आला. तेव्हा शब्द फोडून अंदाज बांधायचे नाहीत, सरळ कोश उघडायचा.

कुठला? माझ्या मते आधी डीडब्ल्यूडीएस. बर्लिनच्या विज्ञान अकादमीची साइट, पैसे लागत नाहीत. शब्द टाका आणि 'एटिमोलोगी'पर्यंत खाली या. तिथे आहे वोल्फगांग फायफर यांचा व्युत्पत्तिकोश, १९८९ साली पहिल्यांदा छापलेला.

[स्क्रीनवर: 'प्फेफर', म्हणजे मिरी]

एवढा मोठा परिच्छेद बघून दचकू नका, निम्मे तर संक्षेप आहेत. 'अ-हा-डे' म्हणजे जुनी उच्च जर्मन, साधारण ७५० ते १०५०. 'एम-हा-डे' त्यानंतरची, १३५०च्या आसपासपर्यंत. आता मागे मागे चला: लॅटिन 'पिपेर', ग्रीक 'पेपेरी' आणि त्याच्याही मागे भारतातली 'पिप्पली'. आपली पिंपळी हो! नाव पिंपळीचं, चिकटलं मिरीला. आणि लॅटिन 'प'चा 'प्फ' झालाय, म्हणजे जर्मनमधला तो मोठा ध्वनिबदल होण्याआधीच शब्द आत शिरला होता.

एखाद्या रूपाआधी तारा दिसला तर सावध. ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून मांडलंय.

घाईत असाल तर डूडन या जर्मन कोशाच्या साइटवर 'हेरकुन्फ्ट', म्हणजे 'उगम', बघा, एक-दोन ओळीच असतात.

आणि ग्रिम! हो, तेच परीकथावाले भाऊ. त्यांच्या कोशाचं काम १८३८ला सुरू झालं, पूर्ण झालं १९६१ला. त्यातला याकोब गेला १८६३ मध्ये, 'फ्रुख्ट' शब्दापर्यंत पोचून. ट्रीअर विद्यापीठाच्या 'वोर्टरबुखनेट्झ'वर अख्खा कोश आहे. व्युत्पत्ती जुनी झालीय, पण जुन्या लेखकांची अवतरणं खच्चून भरलीत. तिथे नामं छोट्या अक्षरात दिसतील, कारण जर्मनमध्ये नामांचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, ते याकोबला पटतच नव्हतं. परीक्षेत मात्र त्याचं ऐकू नका, मार्क जातील!