ताप आटोक्यात आला, पण रुग्ण सावरला का?

नमस्कार. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली की स्ट्रोक होतो, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत अनेक रुग्णांना ताप येतो. कोपनहेगनमधील ३९० रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दाखल होताना शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने अधिक असेल, तर रुग्णाची अवस्था वाईट होण्याचा धोका दुपटीहून जास्त, असे त्यात दिसले. मग ताप येऊच दिला नाही तर?

हे पाहण्यासाठी ‘इंट्रेपिड’ ही चाचणी २०१७ ते २०२१ या काळात ७ देशांतील ४३ अतिदक्षता विभागांत झाली. ६७७ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. एका गटाला ‘आर्क्टिक सन’ हे यंत्र लावून १४ दिवस, किंवा अतिदक्षता विभागातून हलवेपर्यंत, तापमान ३७ अंशांवर राखायचे होते. दुसऱ्या गटात ३८ अंशांपासून पुढे ताप चढला की टप्प्याटप्प्याने उपचार करायचे होते.

या यंत्राची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. रुग्णाच्या धडाला आणि मांड्यांना जेलचे पॅड चिकटवतात, त्यांतून पाणी फिरत राहते, आणि शरीराच्या आतील तापमान सतत मोजून यंत्र त्या पाण्याचे तापमान स्वतःच कमी-जास्त करते. पाणी दाबाने ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे पॅडला छिद्र पडले तरी पाणी अंथरुणात सांडण्याऐवजी हवा आत खेचली जाते. अडचण असते ती हुडहुडीची. त्वचा गार झाली की शरीर थरथरून उष्णता निर्माण करते, प्राणवायूचा खर्च वाढतो, आणि ती थांबवण्यासाठी दिलेल्या गुंगीच्या औषधांमुळे रुग्णाची शुद्ध तपासणे अवघड होते.

तापाचे प्रमाण यंत्राच्या गटात जवळपास निम्म्यावर आले. परंतु तीन महिन्यांनी, कोणता रुग्ण कोणत्या गटात होता हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी रुग्णांची स्थिती पाहिली, तेव्हा अपंगत्व मोजणाऱ्या रँकिन मोजपट्टीवर (० म्हणजे काहीही लक्षण नाही, ६ म्हणजे मृत्यू) दोन्ही गटांचा मध्यांक ४ आला; म्हणजे मदतीशिवाय चालता न येणे. पुढे फरक दिसण्याची आशा नाही, हे नियोजित अंतरिम विश्लेषणात कळताच ११७६ रुग्णांचे लक्ष्य गाठण्याआधीच भरती थांबवण्यात आली.

घरात असा रुग्ण असणाऱ्यांनी यावरून तापाकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे कृपया समजू नये. दुसऱ्या गटातही तापावर उपचार होतच होते. तुलना होती ती ताप आधीच रोखणे आणि आल्यावर उतरवणे यांची. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या १९ स्ट्रोक विभागांत असे कोणतेही यंत्र नव्हते. तेथे परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तिन्हींची ठरलेल्या पद्धतीने देखरेख केली, आणि ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के, तर या पद्धतीत ४२ टक्के आढळले.