नाव एमपी४, आत काय?

मित्रहो, कानबाईच्या रात्री म्हटली जाणारी गाणी, लग्नातली हळदीची गाणी, आजीच्या तोंडच्या अहिराणी ओव्या मोबाइलवर टिपून ठेवणारे पुष्कळ जण आज धुळे-नंदुरबारहून इथे आले आहेत, आणि त्यांची तक्रार जवळजवळ एकच आहे: स्वतःच्या फोनवर व्यवस्थित वाजणारी फाइल संकेतस्थळावर चढवली की कुणाकडे वाजते, कुणाकडे मुकी राहते. खापर सहसा खेड्यातल्या नेटवर्कवर फुटते. पण फाइल संपूर्ण उतरूनही वाजत नसेल, तर नेटवर्कचा त्यात काही दोष नाही.

फाइलच्या नावामागचे एमपी४, थ्रीजीपी किंवा वेबएम हे शेपूट केवळ वेष्टन कोणते ते सांगते. आतले चित्र एका कोडेकने, म्हणजे दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या ठरावीक पद्धतीने, आणि आवाज दुसऱ्या कोडेकने दाबून बसवलेला असतो, आणि ब्राउझरला वेष्टनासह हे दोन्ही कोडेक उलगडता आले तरच गाणे पूर्ण दिसते व ऐकू येते. पोत्यावर ‘दादर ज्वारी’ लिहिल्याने आतली बाजरी काही ज्वारी होत नाही, तसे थ्रीजीपीचे नाव बदलून एमपी४ केल्याने आतला माल बदलत नाही. जुन्या बटणांच्या फोनांनी टिपलेल्या थ्रीजीपीत आवाज बहुधा एएमआर या कोडेकात असतो. तो मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेला, सेकंदाला अवघे ८,००० नमुने घेणारा. संगणकावरचे बहुतेक ब्राउझर तो वाजवत नाहीत. त्याचे एमपी३ करून घेता येते, मात्र टिपतानाच गळालेली डफाची खणखण त्यामुळे परत येत नाही.

नव्या फोनांची तऱ्हा उलटी आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ‘हाय एफिशियन्सी’ सेटिंगवर एचईव्हीसी कोडेकात चित्रीकरण करतात. ज्या ब्राउझरला तो उलगडत नाही, तिथे आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. क्रोमने २०२२ मध्ये एचईव्हीसीला वाट करून दिली, पण तीही यंत्रातल्या हार्डवेअरच्या भरवशावर. म्हणून एकाच गावातल्या दोन संगणकांवर एकच क्रोम निरनिराळे वागू शकतो.

हा घोळ तांत्रिक कमी आणि पेटंटांचा जास्त आहे. २००७ मध्ये एचटीएमएल५ च्या, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या नव्या आवृत्तीच्या, मसुद्यात चित्रफितींसाठी ऑग थिओरा हा मुक्त पर्याय सुचवलेला होता; अ‍ॅपल आणि नोकियाने हरकत घेतली आणि ती सूचना काढली गेली. एच.२६४ हा चित्राचा प्रचलित कोडेक पेटंटांखाली असल्याने फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाला नको होता. गूगलने २०१० मध्ये वेबएम मोफत खुले केले, पुढच्याच जानेवारीत क्रोममधून एच.२६४ काढण्याची घोषणाही केली, पण काढला मात्र कधीच नाही. अखेर २०१२ मध्ये मोझिलानेही नमते घेतले. २०१४ मध्ये एचटीएमएल५ चे मानक पक्के झाले, तेव्हा त्यात एकही कोडेक बंधनकारक नव्हता. बड्यांच्या या ओढाताणीची किंमत फाइल चढवणाऱ्याने मोजावी, हे मला आजही पटत नाही.

तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि लोकांसाठी वेगळी प्रत करावी: चित्र आठ बिट रंगखोलीच्या एच.२६४ मध्ये, आवाज एएसी या कोडेकात, वेष्टन एमपी४. नुसते गाणे असेल तर एमपी३ निर्धास्त वापरावे. अमेरिकेतील त्याची पेटंटे २०१७ मध्येच संपली. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज ऑग वेष्टनातल्या ओपस कोडेकात असतात आणि आयफोनवरच्या सफारी ब्राउझरने ते वेष्टन वर्षानुवर्षे नाकारले, त्यामुळे तेही रूपांतरित करावेत. एफएफएमपेग या मोफत साधनाने हे सारे होते; फक्त एमपी४ करताना ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय विसरू नये. तो नसेल तर फाइलची अनुक्रमणिका शेवटी जाते, आणि सर्व्हरने मधूनच तुकडा देण्याची सोय ठेवली नसेल तर शेवटचा बाइट येईपर्यंत गाणे सुरूच होत नाही. नेटवर्कला बोल लावायचाच असेल, तर तो या एवढ्या प्रसंगी लावावा, आणि तिथेही अर्धाच.