ताणकाट्यावर ठरणारी शिकार

[दृश्य: खडीचा लांब रस्ता, शेजारून जाणारी तेलवाहिनी]

अलास्कातला डाल्टन हायवे. 1974 साली तेलवाहिनीच्या कामासाठी बांधलेला 666 किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा आजही खडीचा. ब्रुक्स पर्वतरांग ओलांडून तो उत्तरेच्या टुंड्रात उतरतो आणि सॅग नदीच्या कडेने हॅपी व्हॅलीला येतो. तेलवाहिनीच्या कामगारांची इथे छावणी होती. आता धावपट्टी तेवढी उरली आहे. शिकारीच्या हंगामात तिच्या कडेला पिकअप गाड्या लागतात आणि मागच्या फळ्यांवर सामान पसरतं.

इथून पुढे शिकारी छोट्या विमानाने जातात. विमान कशाला? तर या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 5-5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर, कॅरिबूची, म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या रानटी रेनडिअरची, शिकार फक्त धनुष्यबाणाने करता येते. बंदूक वापरायची तर त्या पट्ट्याबाहेर जायचं. टुंड्रात 8 किलोमीटर चालायचं म्हणजे पायाखाली डुगडुगणारे गवताचे गठ्ठे आणि मधून मधून गुडघाभर पाणी. येताना पाठीवर मांस. बहुतेकांचा विचार इथेच बदलतो.

[दृश्य: सुपर कब विमान, जाडजूड चाकं]

सुपर कबमध्ये वैमानिक पुढे, प्रवासी त्याच्या पाठीशी, आणि उरल्या जागेत सामान. कमी हवेच्या फुगीर चाकांमुळे ते नदीपात्रातल्या गोट्यांवरही उतरतं. तिथून पुन्हा उडायचं तर मात्र किलोकिलोचा हिशोब लागतो. म्हणून वैमानिक ताणकाटा काढतो. माणशी सामान साधारण 50 पौंड, म्हणजे जेमतेम 23 किलो. आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो, पण घासाघीस कुठेच चालत नाही. कडक सुटकेसही चालत नाही. शेपटीकडच्या चिंचोळ्या जागेत कोंबता येतील अशा मऊ, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या हव्यात.

जीन्स गाडीतच राहते. सुती कापड भिजलं की इथे वाळत नाही, आणि सप्टेंबरात पाऊस, वारा, बर्फ एकाच दिवसात भेटू शकतात. अंगात लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे, वरून खरोखर पाणी अडवणारा रेनकोट, पायात मांडीपर्यंतचे बूट. झाडं नाहीत, त्यामुळे आडोसा नाही आणि सरपणही नाही. चहापासून जेवणापर्यंत सगळी भिस्त स्टोव्हवर. त्याचं इंधन प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, ते अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात उतरल्यावर घ्यायचं. अस्वलासाठीचा तिखट स्प्रेसुद्धा केबिनमध्ये नको. हवेत असताना तो फुटला, तर वैमानिकाला डोळे उघडता येणार नाहीत. बरेच जण तो बाहेर, पंखाच्या दांड्याला बांधतात.

नवख्याला फालतू वाटणारी एक वस्तू म्हणजे फोमचा हातभर तुकडा. चालत्या कॅरिबूला पाठलाग करून गाठणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. दुर्बीण घेऊन ओल्या टेकाडावर तासन्‌तास बसायचं असतं. पहिल्या दिवशी तर तेवढंच काम, कारण विमानातून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजेपर्यंत गोळी झाडायला कायद्याने मनाई आहे.

[दृश्य: विरळ विणीच्या पांढऱ्या कापडी पिशव्या, जवळून]

खरी पॅकिंग होते ती जनावर पडल्यानंतरचा विचार करून. मोठा नर 160 ते 180 किलोंचा भरतो. चारही फऱ्या, बरगड्या, मान, छाती, पाठीचं मांस, सगळं आणणं बंधनकारक आहे. मांस तिथेच टाकून शिंगं आणली तर गुन्हा.

या कापडी पिशव्या त्यासाठीच. नुकतं सोललेलं मांस गरम असतं. प्लास्टिकमध्ये वाफ कोंडते आणि ते नासतं. कापडातून वारा खेळतो, माशा बाहेर राहतात आणि मांसावर पातळ, कोरडी पापडी धरते. टांगायला झाड नसल्यामुळे नदीकाठच्या विलोच्या खुरट्या झुडपांच्या फांद्या अंथरून त्यावर पिशव्या मांडतात, वर ताडपत्री ताणतात. जागा तंबूपासून दूर, पण नजरेच्या टप्प्यात, कारण ग्रिझलीला, म्हणजे इथल्या तपकिरी अस्वलाला, वास लागतोच. काही जण बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण नेतात. माझ्या मते, झोप हवी असेल तर तेवढं वजन दुसरीकडे कापावं.

आपल्याकडे 1972च्या कायद्यानंतर शिकार जवळपास संपली, त्यामुळे हे पाहताना मन अडखळेल. इथेही मोकळं रान नाही. या भागातला सेंट्रल आर्क्टिक कळप 2010 मध्ये 70 हजारांच्या आसपास होता, 2016 मध्ये तो 22 हजारांवर आला, आणि किती मारता येतील यावर मर्यादा आणखी घट्ट झाल्या.

[दृश्य: धुक्यात बुडालेली दरी]

परतीची तारीख वैमानिक देतो, पण धुकं ती पाळत नाही. म्हणून तीन-चार दिवसांचा जास्तीचा शिधा आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र ताणकाट्यावरही वगळायचं नसतं. विमान आलं की खेपा सुरू होतात. आधी मांस. शिंगं मांसाच्या बरोबर किंवा त्यानंतरच रानाबाहेर नेता येतात; मांस मागे ठेवून आधी शिंगं चढवायला कायदा परवानगी देत नाही.