चिमूटभर मीठ आणि काचेचा करंडा

नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावरचा ओला दगड उचलला की बोटांना बुळबुळीत लागतो. त्यावरचा तपकिरी थर ब्रशने खरवडून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की नावेसारख्या, सुईसारख्या, चकतीसारख्या पेशी दिसू लागतात. हे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाले. प्रत्येकाभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे, कवच असते आणि कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसे त्याचे दोन भाग एकमेकांवर बसतात. म्हणूनच मराठीत यांना करंडक वनस्पती असेही म्हणतात.

गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमहून कमी क्षार असतात, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. गोड्या पाण्यातील डायटमच्या आत बाहेरच्यापेक्षा क्षार अधिक असल्याने पाणी आत शिरू पाहते आणि पेशी कवचाला आतून टेकून ताठ राहते. बाहेरचे मीठ पुरेसे वाढले की पाणी उलट बाहेर पडते, पेशीद्रव्य कवचापासून सुटून आकसते आणि आत शिरलेले सोडियम प्रकाशसंश्लेषणात बिघाड करते. ते सोडियम बाहेर ढकलण्यात आणि तोल सावरणारी प्रोलीनसारखी द्रव्ये तयार करण्यात जी ऊर्जा खर्ची पडते, ती विभाजनाच्या वाट्याची असते. म्हणून वाढ मंदावते.

सगळ्या जातींचे मात्र सारखे नसते. टॅबेलारिया फ्लॉक्युलोसा मिठाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, तर सायक्लोटेला मेनेघिनियाना मचूळ पाण्यातही वाढते. डायटमचे अभ्यासक कोल्बे यांनी १९२७ साली याच सहनशीलतेवरून डायटमची वर्गवारी मांडली. त्यामुळे ‘मीठ वाढले की डायटम घटतात’ हे विधान मला अपुरे वाटते. संख्या तेवढीच राहून जाती पार बदललेल्या असू शकतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तलावांतील पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. नाग नदीत सांडपाण्याबरोबर मीठ आणि डिटर्जंटमधील सोडियम येते. पण त्यासोबत सेंद्रिय घाणही येत असल्याने नदीतील बदलाचे सारे खापर मिठावर फोडता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत बाकी सारे सारखे ठेवून, चढत्या प्रमाणात मीठ घातलेल्या चंबूंची रांग लावावी लागते.

नदीतील नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवला की सेंद्रिय भाग नाहीसा होऊन स्वच्छ कवचे उरतात. हजारपट मोठी करून, त्यांवरच्या बारीक रेघा पाहत, एकेका कवचाची जात आता लिहून घेतली जाते आहे.