गाडी तीच, चालक वेगळे

[दृश्य : सावद्याजवळचा रस्ता, केळीने भरलेले ट्रक]

रावेर, यावल आणि सावदा या पट्ट्यातून केळी भरलेला ट्रक उत्तरेकडे निघाला, की माल पिकण्याआधी बाजारपेठ गाठणे ही चालकाची जबाबदारी असते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारा एसटीचा चालक, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला प्रवासी नेणारा जीपचालक आणि भर पावसाळ्यात काळ्या जमिनीतून ट्रॅक्टर बाहेर काढणारा शेतकरी, यांतील प्रत्येकाचा आपापल्या वाहनावर हात बसलेला असतो. या सर्वांत खरा कसलेला चालक कोण, असा प्रश्न धुळ्यातल्या किंवा अमळनेरातल्या एखाद्या गॅरेजवर निघाला, तर चर्चा लांबत जाते आणि उत्तर काही निघत नाही. वाहन वेगळे, रस्ता वेगळा आणि कामही वेगळे असताना तुलना करायची तरी कशाच्या आधारावर?

मोटार शर्यतींच्या जगातही हा वाद फार जुना आहे. बंदिस्त ट्रॅकवर धावणाऱ्या फॉर्म्युला वनचा चालक श्रेष्ठ, की जंगलातून आणि डोंगरातून घड्याळाशी स्पर्धा करत रॅली मारणारा? चोवीस तासांची ल मान्सची शर्यत जिंकणारा श्रेष्ठ, की अमेरिकेतल्या अंडाकृती ट्रॅकवर गाडी पळवणारा? अमेरिकेत 1973 साली वेगवेगळ्या शर्यतींतील नामवंतांना एकसारख्या पोर्श गाड्या देऊन या वादाचा निकाल लावण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि ती स्पर्धामालिका काही वर्षांच्या खंडासह 2006 पर्यंत चालली. मात्र आज जगभर ओळखली जाणारी स्पर्धा म्हणजे ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’, आणि तिचा जन्म एका मृत्यूच्या आठवणीतून झाला.

[दृश्य : कॉर्सिका बेटावरचे वळणावळणाचे डोंगरी रस्ते]

फिनलंडचा हेन्री टॉयव्होनेन हा रॅलीतला विलक्षण वेगवान चालक होता. 1986 च्या जानेवारीत त्याने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली होती. त्याच वर्षी 2 मे रोजी कॉर्सिका बेटावरील रॅलीत एका डाव्या वळणावर त्याची लान्सिया डेल्टा एस फोर ही गाडी रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. टॉयव्होनेन आणि शेजारी बसून पुढचा रस्ता वाचून दाखवणारा त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो या दोघांचाही मृत्यू झाला. टॉयव्होनेन तेव्हा अवघा 29 वर्षांचा होता. त्या काळातल्या ‘ग्रुप बी’ या वर्गातील रॅलीच्या गाड्यांची ताकद रस्त्याच्या आणि माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती, हे या अपघाताने उघड झाले आणि 1987 पासून त्या गाड्या जागतिक स्पर्धेतून बाद करण्यात आल्या.

टॉयव्होनेनच्या स्मरणार्थ 1988 मध्ये ही स्पर्धा सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक होती मिशेल मुतों, आणि दुसरा होता फ्रेड्रिक जॉन्सन. मुतोंविषयी येथे थोडे थांबून सांगायलाच हवे. फ्रान्सच्या या महिलेने ऑडी क्वाट्रो चालवत जागतिक पातळीवरच्या चार रॅली जिंकल्या आणि 1982 च्या विश्वविजेतेपदाच्या चढाओढीत ती दुसरी आली. पुरुषांच्या बरोबरीने, त्याच रस्त्यांवर आणि त्याच घड्याळाच्या हिशेबात तिने स्वतःला सिद्ध केले होते. सर्वांना सारखी संधी देऊन केवळ चालवण्याचा कस पाहणारी स्पर्धा तिच्या पुढाकाराने उभी राहावी, यात मला मोठे औचित्य दिसते. पॅरिसजवळच्या मोंतलेरी येथे झालेली पहिली स्पर्धा फिनलंडच्याच युहा कांकुनेनने जिंकली. वैयक्तिक विजेत्याला मिळणाऱ्या करंडकाला आजही टॉयव्होनेनचेच नाव आहे.

[दृश्य : स्पर्धेच्या ट्रॅकचा आराखडा, दोन समांतर पट्टे आणि त्यांना जोडणारा पूल]

या स्पर्धेची खरी करामत तिच्या ट्रॅकमध्ये आहे. एकाच जातीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, एक आतल्या पट्ट्यात आणि दुसरी बाहेरच्या. पट्टे वेगळे असल्यामुळे शर्यत सुरू झाल्यावर कोणी कोणाला अडवू शकत नाही, की धक्का देऊन पुढे घुसू शकत नाही. फेरी पूर्ण होताना एक पट्टा पुलावरून आणि दुसरा पुलाखालून जातो, आणि चालकांच्या बाजू आपोआप बदलतात. आत असलेला बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. त्यामुळे शर्यत संपेपर्यंत दोघांनीही तेच अंतर कापलेले असते आणि तीच वळणे घेतलेली असतात. जो हरतो तो बाहेर पडतो आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. गाड्या आयोजकांच्याच असतात आणि त्याही फेरीगणिक बदलत जातात. कधी चौकटीच्या सांगाड्याची हलकी बग्गी, कधी रॅलीची गाडी, तर कधी रस्त्यावरची महागडी स्पोर्ट्स कार चालकाच्या हाती येते. आपल्या गाडीतील बैठकीची, स्टिअरिंगची आणि ब्रेकची सवय येथे फारशी कामाला येत नाही. समोर आलेल्या गाडीची नस मोजक्या वेळात ओळखावी लागते.

सुरुवातीची अनेक वर्षे रॅलीच्या चालकांनी येथे निर्विवाद वर्चस्व गाजवले. 1992 ते 2003 या काळात ही स्पर्धा स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर होत असे, आणि 2003 पर्यंतचा प्रत्येक वैयक्तिक विजेता रॅलीतूनच आलेला होता. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्किटवरचा, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवरचा, चालक तेच वळण शेकडो वेळा घेतो आणि दर वेळी सेकंदाचा अंश वाचवत जातो. रॅलीचा चालक मात्र सहचालकाच्या टिपणांवर विसंबून पूर्ण वेगात मोजक्याच वेळा पाहिलेल्या वळणात शिरतो आणि चाक कुठे सुटते आहे, याचा अंदाज घेत गाडी सावरतो. चाकांची पकड सुटणे ही त्याच्यासाठी आपत्ती नसून रोजचे काम असते.

[दृश्य : नांगरटीच्या शेतात बांधाजवळ वळणारा ट्रॅक्टर, पायाजवळचे दोन ब्रेक]

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक असतात. रस्त्यावर ते एका पट्टीने जोडून ठेवतात, पण शेतात उतरल्यावर ती पट्टी सोडली जाते. नांगराचे तास संपून बांध जवळ आला, की सराईत चालक स्टिअरिंग फिरवता फिरवता वळायच्या बाजूचा एकच ब्रेक दाबतो. ते चाक जागेवर थबकते, दुसरे फिरत राहते आणि एवढे मोठे धूड अगदी थोड्या जागेत वळते. वळण केवळ स्टिअरिंगने घ्यायचे नसते, ब्रेक आणि गाडीचे वजन यांनीही गाडी वळवता येते, हे त्या पायाला ठाऊक असते. रॅलीचा चालक हँडब्रेक ओढून मागची चाके सोडतो आणि अरुंद वळणात गाडीचे तोंड फिरवतो, तेव्हा वेग कितीतरी पटींनी अधिक असला तरी समज याच जातीची असते.

2004 मध्ये ही स्पर्धा पॅरिसच्या स्टाद द फ्रान्स या स्टेडियममध्ये आली आणि चित्र पालटले. सर्किटवरून आलेला तरुण हेक्की कोवालाइनेन अंतिम फेरीत फ्रान्सचा रॅलीचालक सेबास्तियन लोएब याला हरवून विजेता ठरला. पुढे लंडनचे वेम्ब्ली आणि बीजिंगचे ‘बर्ड्‌स नेस्ट’ अशा स्टेडियममध्ये तात्पुरते डांबर टाकून ट्रॅक उभे राहिले. सात वेळा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता ठरलेला मायकेल शूमाकर 2007 आणि 2009 अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत स्वीडनच्या मॅटियस एकस्ट्रॉमकडून हरला आणि वैयक्तिक विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. मात्र फॉर्म्युला वनच्याच सेबास्टियन व्हेटेलच्या जोडीने त्याने जर्मनीला 2007 ते 2012 अशी सलग सहा वर्षे सांघिक विजेतेपद मिळवून दिले. 2010 मध्ये तर पोर्तुगालच्या फिलिपे अल्बुकर्कने लोएबला अंतिम फेरीत हरवले, तेव्हा त्याचे नाव शर्यतींच्या बाहेर फारसे कोणाला माहीतही नव्हते. मला या स्पर्धेचे मोल अशा निकालांत दिसते. नाव, पगार आणि संघाची श्रीमंती बाजूला ठेवल्यावर तोडीस तोड चालक कुठूनही पुढे येऊ शकतो.

भारतासाठी 2012 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. बँकॉकमध्ये नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक या जोडीने आशियाई संघांच्या लढतीत विजेतेपद पटकावले. फॉर्म्युला वनमध्ये या दोघांच्या वाट्याला मागच्या रांगेतल्या गाड्या आल्या होत्या. सारखी गाडी मिळताच काय घडू शकते, ते त्या दिवशी दिसले.

या स्पर्धेला मर्यादाही आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. शर्यत काही मिनिटांत संपते, त्यामुळे टायर जपणे, दीड-दोन तास एकाग्र राहणे, गर्दीतून वाट काढणे या सर्किटच्या चालकाच्या मोठ्या गुणांची येथे परीक्षाच होत नाही. शिवाय धोका पूर्णपणे टळत नाही. 2017 मध्ये मायामीत पास्कल वेर्लाइनची गाडी उलटली, त्याला दुखापत झाली आणि फॉर्म्युला वनच्या त्या हंगामातील पहिल्या दोन शर्यतींना तो मुकला. म्हणून या स्पर्धेचा विजेता हा जगातला सर्वश्रेष्ठ चालक आहे, असे म्हणणे योग्य होणार नाही. अनोळखी गाडी सर्वांत लवकर आपलीशी करणारा चालक, एवढे मात्र निःशंकपणे म्हणता येते, आणि माझ्या मते हा गुण लहान नाही.

[दृश्य : गोठलेल्या समुद्रावरचा बर्फाचा ट्रॅक]

2022 मध्ये स्वीडनच्या पिते हाव्सबाद येथे गोठलेल्या समुद्रावर ट्रॅक आखला गेला. डांबर नाही, माती नाही, फक्त बर्फ. तेथेही अंतिम लढत रॅलीचा लोएब आणि फॉर्म्युला वनचा व्हेटेल यांच्यात झाली आणि लोएब जिंकला. 2025 च्या मार्चमध्ये स्पर्धा सिडनीच्या स्टेडियममध्ये पुन्हा डांबरावर आली. नऊ वेळा रॅलीचा विश्वविजेता ठरलेल्या लोएबने तेथे पाचव्यांदा हा करंडक उचलला, तेव्हा त्याने वयाची एक्कावन्न वर्षे पूर्ण केली होती.