गुडघा बदललाय, वजन जास्त आहे, तरी उठायचंच

नमस्कार मंडळी. आज गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल आणि वजनाबद्दल बोलूया. वजन जास्त असलं की जखम भरायला वेळ लागू शकतो, इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते माप, 40 च्या वर असेल तर बरेच सर्जन आधी वजन कमी करून या म्हणतात. मांडी न पोटरी जाड असली की गुडघा वाकवताना दोन्ही लवकर टेकतात, वाक थोडा कमीच मिळतो. पण वेळ लागतो म्हणजे होत नाही असं नाही. परत सांगते, वेळ लागतो, पण होतं.

एक मावशी होत्या, अंगाने चांगल्याच भारी. ऑपरेशनला आठवडा झाला तरी स्वतःहून उठेनात, मुलगा एका काखेत न सून दुसऱ्या काखेत हात घालून उभं करायची, आणि दरवेळी कोणीतरी म्हणणारच, वजन आहे ना, कसं जमणार. बघते तर बसायला सोफा, इतका बुटका न खोल की धडधाकट माणूस कण्हत उठेल. असले सोफे बनवतात तरी कशाला, आणि दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्येसुद्धा बिनहाताच्या खुर्च्या, मला खरंच राग येतो हो! असो. हातांची, उंच, दणकट खुर्ची आणवली, मी शेजारी उभी राहिले. म्हटलं, मावशी, कडेला सरका, ऑपरेशनचा पाय जरा पुढे, चांगला पाय मागे, आता पुढे झुका आणि हातांवर जोर द्या. मुलगा धावला तशा ओरडल्या, "हात लावू नकोस रे!" बोटं पांढरी पडलेली, गुडघ्याच्या वरचा स्नायू नुसता थरथरतोय, आणि उठल्या की! वॉकर धरला न पहिलं वाक्य काय, "आता बाथरूमला मी एकटी जाणार."

तो थरथरणारा मांडीचा स्नायू ऑपरेशननंतर फार कमजोर होतो आणि वजन तर त्यालाच पेलायचं असतं, म्हणून व्यायाम चुकवू नका, आणि आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, पाय सरळ होत नाही मग.

ऑपरेशन झालं की वजन आपोआप उतरत नाही. पण जखम भरत असताना उपाशीही राहू नका, प्रोटीन लागतं. नंतर हळूहळू उतरवा, 1 किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण 4 किलोचा भार हलका होतो.

आणि पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.